पडद्यावर उमटलेला पासवर्ड

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे, जेमतेम चाळीस ओळींचा. मला चित्रं नाहीत, रंग नाहीत. काळ्या पडद्यावर मी ‘पासवर्ड?’ एवढंच विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. माझ्या हातून एकदा जे झालं ते सांगायची लाज वाटते. तरी सांगतो.

कोरियातल्या थोंगयंगच्या किनाऱ्यावर कालवांची शेती चालते. तिथं समुद्राच्या पाण्याची रोजची नोंद ठेवणारं एक लहान केंद्र आहे. तिथल्या इंजिनियर यो बाईंनी मला लिहिलं. माझी सातवी ओळ त्यांनी तीनदा तपासली. माणूस पासवर्ड टाइप करत असताना एकही अक्षर पडद्यावर उमटू द्यायचं नाही, हे त्या ओळीचं काम. पासवर्ड जुळला की तो लगेच माझ्या आठवणीतून पुसून टाकायचा, हे पुढच्या ओळींचं.

नऊ वर्षं मी हे काम चोख केलं. कुणी कौतुक केलं नाही, कुणी तक्रारही केली नाही. मग गुक साहेब प्रमुख म्हणून आले. ते दोन बोटांनी टाइप करत आणि चारदा चुकत.

“अहो यो बाई, हा मेला की काय? मी बडवतोय आणि हा ढिम्म!”

“साहेब, तो घेतोय सगळं. दाखवत नाही, इतकंच.”

“मग दाखवू दे ना! आणि दिसून दिसून दिसणार काय? गिचमिड!”

गिचमिड म्हणायला कारण होतं. आमच्याकडे कीबोर्डच्या प्रत्येक बटणावर दोन अक्षरं असतात, एक कोरियन आणि एक इंग्रजी. पासवर्ड म्हणून लोक साधे कोरियन शब्दच घेतात, पण कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून टाइप करतात. पडद्यावर अर्थहीन अक्षरांची रांग दिसते.

“साहेब, ज्याची बोटं या बटणांवर बसलीत, त्याला ती गिचमिड वाचता येते,” यो बाई म्हणाल्या.

“तुम्हाला सगळीकडे चोरच दिसतात!”

यो बाईंना सातवी ओळ काढावी लागली. साहेबांनी माझ्या पडद्यावर थाप मारली. “आता कसा शहाण्यासारखा वागतोय!” खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. नऊ वर्षांतलं ते पहिलं कौतुक होतं.

वर्षाची मोठी सभा भरली. कालवांची शेती करणारे, कालवं फोडणाऱ्या बायका, कारकून मिळून साठ माणसं. नोंदी ठेवायचं काम प्यो सुक-ही यांचं. त्यांनी मला भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं. मी विचारलं, “पासवर्ड?” त्या बटणांकडे बघत टाइप करू लागल्या, आणि एकेक अक्षर वीतभर उंचीचं होऊन भिंतीवर चढलं. शेवटी तीन आकडे.

पुढच्या रांगेतल्या एका कारकुनाची बोटं टेबलावर हलली. मग शेजारच्याची. मग चार-पाच जणांची. कीबोर्ड नसताना ते टाइप करून बघत होते, आणि त्यांना अर्थ लागला: ‘आई, खोली तीनशे चार.’

दोक-सुन मावशींना टाइप करता येत नाही. त्यांच्या कानात शेजारणीनं सांगितलं. सुक-हीच्या आईबरोबर एका बाकावर त्यांनी तीस वर्षं कालवं फोडलेली.

“सुक-ही, तुझी आई पुसानला भावाकडे ना गं? त्याचं तर बैठं घर. तीनशे चार कुठून आली?”

“हॉटेल काढलं असेल भावानं!” मागून कुणीतरी बोललं. हशा पिकला.

सुक-ही यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

“चिंजूला आहे आई,” त्या म्हणाल्या. “वृद्धाश्रमात. दोन वर्षं झाली. मावशी, तुम्हाला काय तोंड दाखवू, म्हणून भावाचं नाव सांगत होते.”

हशा थांबला. माझी अक्षरं मात्र भिंतीवर तशीच होती. ती पुसणं मला येत नव्हतं. यो बाईंनी धावत जाऊन मोठ्या पडद्याची वायर ओढली.

त्याच शनिवारी मावशी डब्यात कालवांची पेज घेऊन सुक-हीबरोबर चिंजूला गेल्या. “बघा, शेवटी भलंच झालं,” गुक साहेब म्हणाले. मित्रांनो, ते श्रेय मला देऊ नका. ती गोष्ट सुक-ही यांची होती. कुणाला सांगायची, केव्हा सांगायची, हे त्यांनी ठरवायचं होतं. ती मी साठ जणांपुढे मांडली.

यो बाईंनी सातवी ओळ परत लिहिली.

तुम्ही पासवर्ड टाइप कराल आणि पडद्यावर काहीच दिसणार नाही, तेव्हा प्रोग्राम बंद पडला म्हणून त्याला बडवू नका. आणि कधी तुम्ही स्वतः प्रोग्राम लिहिलात, तर कुणाच्याही सोयीसाठी ती एक ओळ काढू नका.

सुक-ही यांनी पासवर्ड बदललाय. आता माझ्या पडद्यावर एक ठिपकाही उमटत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी रोज सकाळी त्या एका हातानं टाइप करतात, आणि दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या पडद्यासमोर आडवा धरतात.