गंगुबाईने थाळी वाजवली नाही

पोलिसांची गाडी लालबागच्या त्या गल्लीत शिरली, की पहिली थाळी वाजायची ती गंगुबाईची. थाळी आणि उलथनं घेऊन ती गॅलरीत यायची, आणि मागोमाग तिन्ही मजल्यांवरच्या बाया आपापल्या थाळ्या बडवायच्या. तेवढ्यात चळवळीची पोरं पळून जायची. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा भरात होती. गंगुबाईच्या आधी कुणी थाळी वाजवायची नाही, असा चाळीचा रिवाजच पडून गेला होता.

तिच्या भिंतीला लागून कौसल्येचं बिऱ्हाड. कौसल्या गिरणीत रीळ खात्यात सूत गुंडाळायची, नवरा जयवंत साच्यावर कापड विणायचा. जयवंत चळवळीत तुरुंग भोगून आलेला. पण गिरणीच्या गेटवर बोलावं ते कौसल्येनेच. म्युनिसिपालटीची निवडणूक आली तेव्हा चाळीच्या मंडळाने तिचं नाव द्यायचं ठरवलं. सभेत हात वर झाले की काम पक्कं.

"काकी, निदान बायांच्या संडासाला कड्या तरी लावून घेईन," ती गंगुबाईला म्हणाली होती.

नाक्यावर जयवंतची थट्टा सुरू झाली. "काय जयवंता, बाईसाहेब सभेला गेल्या की भाकऱ्या तू थापणार ना?"

"थापेल तर. चपलाही उचलेल," दुसरा म्हणाला.

जयवंत त्यांच्याबरोबर हसला आणि घरी आला.

तिन्हीसांजेला भिंतीपलीकडे भांडी कोसळली. मग मार ऐकू येऊ लागला. कौसल्या ओरडत नव्हती. "तोंडावर नका मारू हो," ती म्हणत होती. "उद्या सभा आहे."

गंगुबाई थाळी घेऊन दारात आली. बाया आधीच गॅलरीत उभ्या होत्या आणि तिच्याकडे बघत होत्या.

"वाजव गो," जाईबाई म्हणाली. "आम्ही हाव."

गंगुबाईने समोरच्या चाळीकडे पाहिलं. तिथे विरोधी पक्षाची माणसं. उद्या तीच गावभर करतील, मुंबई मागणारे घरात बायको बडवतात म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"थाळी पोलिसांसाठी गो. घरच्या माणसासाठी नाय," ती म्हणाली आणि आत गेली.

आवाज आत येतच होता. तिने स्टोव्ह पेटवला आणि तो घोंघावेपर्यंत पंप मारत राहिली. वर भांडं ठेवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाळीच्या चौकात सभा भरली. कौसल्येचा डोळा काळानिळा झाला होता आणि उजवा हात गळ्यात बांधलेला होता. मंडळाचे कुशाबा उठले. "कौसल्याबाई जिन्यावरून पडल्या. प्रचाराला फिरणं त्यांना जमायचं नाही. तर त्यांच्या जागी आपला जयवंत उभा राहील. घरातल्या घरात आहे."

"मी पडले नाही," कौसल्या म्हणाली. "मला यांनी मारलं. मी फिरेन, मला जमेल. गंगुकाकींना विचारा, भिंत एकच आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. जाईबाईने खाली बघितलं.

गंगुबाई उठून उभी राहिली. "माझा स्टोव्ह पेटलेला होता," ती म्हणाली. "काय ऐकू आलं नाय."

स्टोव्हपुरतं ते खरं होतं. म्हणूनच तिला स्वतःची किळस आली.

कुशाबांनी हात वर करायला सांगितले. बायांनी सवयीने आधी गंगुबाईकडे पाहिलं. तिचा हात वर गेला, आणि मग सगळ्यांचे गेले.

सभा उठल्यावर जयवंत तिच्या पाया पडला. "काकी, घराची लाज राखलीत." ती पाय मागे घेऊ लागली, पण मागे भिंत होती. तोंडातून मात्र सवयीचा आशीर्वाद निघून गेला.

कौसल्या चौकातली सतरंजी एका हाताने गोळा करत होती. गंगुबाई धावली आणि दुसरं टोक धरायला वाकली.

"राहू दे काकी," कौसल्या म्हणाली. टोक पायाखाली दाबून तिने एकटीनेच घडी घातली. गंगुबाई हात पुढे करून तशीच उभी राहिली.