सात आठे

"बाई, पोरं उभी राहिली तर बटाटे काय आपल्या पायांनी पोत्यात जाऊन बसतील?" कमरेवर हात ठेवून मुकादम म्हणाला.

धाकट्या बाई बांधावर उभ्या होत्या. धुकं अजून जमिनीला चिकटलेलं होतं आणि चपलांखाली चिखल इतका साचला होता की बाई चार बोटं उंच झाल्या होत्या.

"उद्या साहेब तपासणीला येणार आहेत," त्या म्हणाल्या. "पटावर बारा पोरं. दहा दिसली नाहीत तर शाळेला कुलूप. वर्गात चारच येतात, दोन बाहेरगावी, बाकीची तुमच्याकडे बटाटे वेचतात. मी भिंतीवर नंबर लिहीन, ज्याचा त्यानं नुसतं उभं राहायचं."

"काय? जरा मोठ्यानं बोला."

तिथंच तर सगळं अडलं होतं. याच शाळेत आधी त्यांची आई शिकवायची. मोठ्या बाई. त्यांचा आवाज असा, की दारात उभं राहून हजेरी घेतली तर ओढ्यापलीकडच्या शेतातून पोरं "हजर!" म्हणून ओरडायची, आणि ओरडलं की हजेरी लागायची. एकदा त्यांनी "नंबर नऊ, ऊठ!" म्हणून हाक दिली, तर शेजारच्या गावात तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला म्हातारा उठून बसला. खोटं वाटत असेल तर त्या म्हाताऱ्यालाच विचारा. तो आता हयात नाही, एवढीच काय ती अडचण.

मग मोठ्या बाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरनं गाठ कापली, तिच्याबरोबर आवाजही गेला. नवरा आधीच कामाच्या शोधात गेला होता, तो गेलाच. एक हंगाम बाईंनी शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर चुन्यानं हातहात उंचीचे आकडे काढून हजेरी घेतली, गणितं घातली. मग कचेरीतून कागद आला: मुक्या बाईला पगार कशाचा द्यायचा? दुसऱ्या दिवशी मायलेकी याच शेतात बटाटे वेचायला लागल्या. लेक अकरा वर्षांची होती.

घरी दोघींचं बोलणं पाटीवर. दोन माणसांचं घर आणि आवाज फक्त पेन्सिलीचा. वर्षानुवर्षं असं राहून लेकीचाही आवाज आत आत गेला. चुलीच्या उजेडात वाचून तिनं शिक्षकाची परीक्षा दिली. तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाली, कारण परीक्षकांना काही ऐकूच आलं नाही. तिसऱ्यांदा परीक्षकांतला एक जण कानाला हात लावून पुढे सरकला, तेव्हा जमलं. शाळा मिळाली तीही आईचीच. आणि पाच महिन्यांपूर्वी आई गेली. शेवटच्या जेवणाच्या वेळी तिनं पाटीवर लिहिलं होतं, "मीठ कमी." ती पाटी लेकीनं अजून पुसली नव्हती.

"तुमच्या आईनं मला सातच्या पाढ्यावर सात वर्षं बसवलं," मुकादम म्हणाला. "माझ्या बरोबरीचे बाप झाले, मी आपला सात आठेवर. कुलूप लागलं तर किल्ली मी ओढ्यात टाकीन, बाई!" आणि पाठ फिरवून तो पोरांवर ओरडत निघून गेला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते पँट गुडघ्यापर्यंत वर करूनच. वर्गात चार पोरं. "बाकीची?"

बाईंनी चुन्याची बादली आणि कुंचा उचलला. साहेब मागोमाग बाहेर आले. भिंतीवर बाईंनी मोठा पाच काढला. खालच्या शेतात डोक्यावर टोपली घेतलेली एक पोरगी ताठ उभी राहिली. सहा. सात. आठ. नऊ आणि अकरा नंबरवाले आईबापांबरोबर दुसरीकडे कामाला गेलेले. दहा. एकेक ठिपका मातीतून उगवत होता.

"नऊ झाले," साहेब म्हणाले.

बाईंनी बारा काढला. कुणी उठलं नाही. बारा नंबरवाल्याला कालपासून ताप होता, हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. चुन्याचे ओघळ आकड्यावरून खाली यायला लागले.

आणि पोत्यांच्या थप्पीमागून मुकादम उभा राहिला.

साहेबांनी डोळ्यांवर हात धरला. "हा मिशीवाला कितवीत आहे?"

"चौथीत," बाई म्हणाल्या. "जरा मागं राहिलाय."

"असं? विचारा बघू, सात आठे किती?"

सगळे पाढे पडले होते, साहेबांना नेमका हाच सापडावा! बाईंनी लिहिलं. सगळं शेत थांबलं. मुकादमानं डोकं खाजवलं, आभाळाकडे पाहिलं, मग दोन्ही पंजे वर केले. खाली घेतले, पुन्हा वर. असं पाच वेळा. मग एकच पंजा. मग काहीच नाही. बाईंनी कुंचा घट्ट धरला. बऱ्याच वेळानं दुसऱ्या हाताचं एक बोट हळूच वर आलं.

साहेब इतके हसले की त्यांना भिंत धरावी लागली, हाताला चुना लागला तो वेगळाच. वहीत त्यांनी लिहिलं: "हजर दहा. पैकी एकास मिशी आहे."

संध्याकाळी बाई बांधावरून निघाल्या, तेव्हा मुकादम पोती शिवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"उद्यापासून पोरं दुपारनंतरच घेईन," तो म्हणाला. पुढचा टाका घातला आणि म्हणाला, "छप्पन्न मला कधीचं येत होतं. तुमच्या आईला सांगायचं राहून गेलं."

घरी येऊन बाईंनी चूल पेटवली, एकटीपुरतं शिजवलं. मग पाटी घेतली आणि "मीठ कमी"च्या खाली, ते न पुसता, लिहिलं:

"मुकादमाला सात आठे आलं."

आणि पेन्सिल पाटीच्या पलीकडच्या बाजूला ठेवली, जिकडे आई बसायची.