वाकडं अंगण

मेकॅनिकच्या तळहातावरचा तो तुकडा लिंबाएवढा, गंजून तांबूस झालेला — बोटाने फिरवला की अर्ध्यापर्यंत गुमान यायचा आणि मग अडायचा. तिने स्वतः फिरवून पाहिला. अडला. नेमका तिथेच, तेवढाच... तिच्या मनगटांना ते अडणं इतकं ओळखीचं होतं की तिने हात चटकन मागे घेतला.

"स्टिअरिंगच्या दांड्याचा खालचा जॉइंट, ताई. पाणी जाऊन गंज धरलाय. वळण घेतल्यावर चाकं सरळ होत नव्हती ना?"

नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचं स्टिअरिंग वळण संपलं की आपणहून परत यायचं, घरच्या या छोट्या गाडीचं यायचं नाही. ओढून आणावं लागायचं, आणि ओढलं की जास्तच यायचं. हे तिने नवऱ्याला सांगितलं होतं — एकदा नाही, येता-जाता सांगितलं होतं. तो एकदा बसलाही, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आला आणि म्हणाला, "लोण्यासारखं चालतंय. तुझा हात बसला नाही अजून, दुसरं काय!" आणि परवा, फाटकाच्या खांबाला दार घासलं त्या संध्याकाळी, नणंद जेवायला होती, तेव्हा ताटावरून मान वर न करता — "नाचता येईना, अंगण वाकडं." नणंद हसली. तीही हसली. हो, तीसुद्धा! स्वतःवर हसता येणारी बाई म्हणून तिचं घरात कौतुकच होतं.

"नवीन टाकलाय," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "साहेबांना मी मागच्याच सर्व्हिसिंगला बोललो होतो, बदलून घ्या म्हणून. ते म्हणाले, राहू दे, आता मिसेसच चालवतात, जवळच्या जवळ."

जवळच्या जवळ. ती "बरं" म्हणाली आणि गाडीत बसली. विसरला असेल. माणूस विसरतो, कामाच्या रगाड्यात काय काय लक्षात ठेवणार... पण विसरलेला माणूस इतक्या चवीने म्हण म्हणतो का? आणि ते रविवार — तिच्या शेजारच्या सीटवर बसून, "सावकाश, घाई नाही, मी आहे ना" असं म्हणणारा त्याचा तो शांत, समजूतदार आवाज. मैत्रिणींना ती सांगायची, माझा नवरा कधी ओरडत नाही हो. त्याच्या त्या न ओरडण्याचे तिने किती उपकार मानले होते! अंगण वाकडं होतं, त्याला ठाऊक होतं, आणि तो कडेला बसून तिला नाच शिकवत होता.

आणि आजच नेमकं, ती काम करायची त्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंना हो की नाही ते कळवायचं होतं. गावाबाहेर नवी शाखा निघत होती, रक्ततपासणीचा सगळा विभाग तिच्या हाती द्यायला डॉक्टरीणबाई तयार होत्या. तिकडे बस जात नव्हती, एवढीच अडचण. सकाळी ती म्हणाली होती, "बाई, माझं गाडीचं अजून जमत नाही, संध्याकाळी फोन करते." म्हणजे नाहीच. नाही म्हणायला तिने संध्याकाळ मागून घेतली होती इतकंच.

गॅरेजसमोरच त्याचं ऑफिस; तिथल्या दारातून नवरा येऊन शेजारी बसला, नेहमीसारखा, पट्टा लावत. पहिल्याच वळणावर तिने सवयीने जोर लावला आणि स्टिअरिंग पाण्यासारखं फिरलं, गाडी भसकन पदपथाकडे गेली. परत ओढायला गेली तर ते आधीच परत आलेलं, तिच्या ओढण्याने गाडी उलट बाजूला. मागून कोणीतरी कर्कश्श हॉर्न दिला. हात बसला होता तिचा... चांगला बसला होता, वाकड्यावर.

"अगं, अगं! सावकाश. मी आहे ना."

"जॉइंट बदलून आणला आज," ती म्हणाली. "गंजला होता."

तो खिडकीबाहेर बघत होता. "हां, ते होय," तो म्हणाला. "बरं केलंस."

ते होय. कुठला जॉइंट, कधी कळलं, कोणी सांगितलं — काही नाही. दोन शब्दांत त्याने कबूल केलं आणि कबूल केल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही, इतकं ते त्याच्या लेखी क्षुल्लक होतं. तिला वाटलं होतं, आता आपण बोलू. गाडी बाजूला घेऊ, सगळं बाहेर काढू. पण आग लागली पाहिजे तिथे नुसतं कडूजार काहीतरी साचत होतं, आणि हात जपून, अगदी बेताने, नव्या स्टिअरिंगचा अंदाज घेत होते.

घरापाशी तो उतरला, दूध घेऊन येतो म्हणाला. ती बसून राहिली. डॉक्टरीणबाईंचा नंबर तिने लावला, पलीकडे बेल वाजत होती. हो म्हणायचं — म्हणायचंच! — आणि लगेच दिसलं, हो म्हटलं की ते त्याला ठणकावून दिलेलं उत्तर होणार; नाही म्हटलं की त्याचंच खरं. सकाळपर्यंत ती नोकरी तिची होती. भीती वाटत होती, तरी हवीहवीशी, तिची. आता त्या हवंसं वाटण्यात चाचपून पाहिलं तर जिथे तिथे त्याचाच हात लागत होता. मला काय हवंय, तिने स्वतःला विचारलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि पलीकडून डॉक्टरीणबाई "हॅलो, बोल गं, ऐकतेय" म्हणत राहिल्या.