रजेवर गेलेली खाडी

दिनानाथ सरांची खाडी दर पावसाळ्यात रजेवर जायची. वाशीच्या कॉलेजात त्यांच्या मांडणीवर महिन्यामहिन्याच्या पाण्याच्या बाटल्या शिस्तीत उभ्या असत. जून ते ऑगस्टची जागा मात्र रिकामी. कारण काय, तर नारळी पौर्णिमेपर्यंत मोरा बंदरातले कोळी होड्या काढत नाहीत, आणि होडी नाही म्हणजे पाणी नाही! उरलेल्या महिन्यांवरून सर खुशाल छापून टाकायचे, की खाडीतून समुद्रात जाणारा कर्ब, म्हणजे कार्बन, अगदीच चिमूटभर.

त्यांच्या हाताखाली एम.एस्सी. करणारी सुमेधा हे वाचून चडफडायची. खाडीकाठच्या तिवरांची पानं गळतात, चिखलात कुजतात, त्यांचा कर्ब तिथेच साठत जातो. वादळाने तो चिखल ढवळला की पुढे काय होतं, हे बघायचं कुणी?

त्र्याऐंशीच्या जुलैत वाऱ्यापावसाने झोडपून काढलं. उघडीप मिळताच सुमेधा एसटीने मोऱ्याला पोचली. होडीवाली भागीरथी तिला बघून ओरडलीच.

"पुनवेला नारळ दिल्याबिगर होडी नाय काढीत आमी!"

"होडी नकोच, मावशी. ओहोटी लागलीय, धक्क्यावरून बादली सोडते."

"बादली सोड की. तिला कोन अडवतंय?" भागीरथी हसली आणि तिने स्वतःच दोर धरला.

वर आलं ते पाणी काळंभोर होतं. वर्षानुवर्षं साठलेला चिखल समुद्राकडे निघाला होता. सुमेधाला रागही आला आणि आनंदही झाला. तिने त्या पाण्याची एक बाटली भरून घेतली.

त्या पाण्याचे आकडे घालून लिहिलेला तिचा प्रबंध सरांनी चाळला आणि पेन खाली ठेवलं. "वादळाचं पाणी म्हणजे अपवाद. हे आकडे काढून टाक, मग सही."

"नाही काढून टाकणार."

"वर्ष फुकट जाईल तुझं."

"जाऊ दे. तुमच्या सगळ्या बाटल्यांत मिळून नाही एवढा कर्ब या एका बाटलीत आहे, सर. नकोच असेल तर तुमच्या हातानेच ओता."

सरही इरेला पेटले. बाटली घेऊन तरातरा बेसिनपाशी गेले, नळ सोडला. तळाशी बोटभर काळा गाळ बसला होता. नळ वाहत राहिला, पण बाटली काही उपडी होईना.

सुमेधाने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि मांडणीवर जुलैच्या रिकाम्या जागी ठेवली.

"सही राहू द्या," ती म्हणाली. "पुढच्या पावसाळ्यात अजून बाटल्या आणते. तेवढी जागा मोकळी ठेवा."