तिच्या मापाची सीट

“दाब.”

“दाबला.”

“धरून ठेव. मी सांगेपर्यंत सोडू नकोस.”

थोरलीने मागच्या चाकाजवळचा छोटा स्क्रू पाव फेरा सैल केला. नळीतून ब्रेकचे तेल आले, त्यासोबत दोन बुडबुडे आले, आणि तिने स्क्रू पुन्हा आवळला. “सोड आता.”

गाडीखाली पाठीवर पडल्या पडल्या तिला धाकट्या भावाचा एकच बूट दिसत होता. दुसरा पाय ब्रेकवर ठेवून तो हा पाय दाराबाहेर लोंबकळत हलवत होता. पलीकडे स्टुलावर दोघांचे वडील, आप्पा, बसले होते.

“आटपा,” आप्पा म्हणाले. “ब्रेकच्या तेलाला तुम्हाला अर्धा दिवस लागतो. तुमच्या भरवशावर राहिलो तर शर्यत बघायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल.”

शर्यतीला पंधरा दिवस होते. शर्यत म्हणजे हौशी लोकांची, आपापल्या गॅरेजात बांधलेल्या गाड्यांची. वर्षातून एकदा गावाबाहेरच्या ट्रॅकवर व्हायची. जिंकणाऱ्याला हातभर चषक मिळे आणि वर्षभर चारचौघांत बोलायला विषय.

आप्पांचे दोन गाड्या मावतील एवढे गॅरेज होते. तरुणपणी ते याच ट्रॅकवर उतरले होते. तिसऱ्याच शर्यतीत गाडी भिंतीवर गेली आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. त्यानंतर ते ट्रॅकवर कधी उतरले नाहीत; साधी गाडी रस्त्यावर चालवत, तेवढेच. हातात वेल्डिंगची बंदूक धरली की मनगट थरथरे. जिभेला मात्र काही झाले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी भंगारातून एक दोन दारांची गाडी आणली. तिची डावी बाजू पत्र्याच्या डब्यासारखी चेपलेली होती. थोरली तंत्रशाळेत लेथवर धातू कातायला शिकवायची, अकरा वर्षे झाली होती. शाळा सुटली की ती गॅरेजात यायची. गाडीतल्या सीटा, गालिचे, छताचे अस्तर सगळे तिने उपसून काढले. जमिनीला चिकटलेले डांबराचे थर छिन्नीने खरवडले. आतला पोलादी नळ्यांचा पिंजरा तिने जोडला. गाडी उलटली तर आतल्या माणसाचा जीव त्या पिंजऱ्यावर. आप्पा प्रत्येक सांध्यावर हातोडी मारून कान लावत आणि म्हणत, “चालेल.” चाळीस सांध्यांना चाळीस वेळा “चालेल.” त्याहून मोठा शब्द तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

धाकटा यायचा, नाही असे नाही. जड काही उचलायचे असले की यायचा. तीन नोकऱ्या धरून सोडलेला, गोड हसणारा मुलगा.

गाडी कोण चालवणार, हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नव्हता. गेल्या वर्षी थोरली एकदा सहज बोलून गेली, “मी पण चालवून बघेन.” धाकटा हसला होता. आप्पांनी फडक्याला हात पुसले. शेजारी टायरवाले काका उभे होते, आप्पांचे जुने दोस्त. त्यांच्यादेखत आप्पा म्हणाले, “ज्याचा फेरीचा वेळ कमी, तो चालवेल. त्यात काय.”

त्या एका वाक्यावर थोरली वर्षभर जगली. रविवारी सुट्टी म्हणून घेतली नाही. ज्या दिवशी ट्रॅक सरावाला खुला असे, त्या दिवशी ती तिथे भाड्याने घेतलेल्या गाडीत फेऱ्या मारून यायची. घरी सांगितले नाही.

चालकाला वळणावर हलू न देणारा सीटचा साचा तिच्या अंगाच्या मापाने ओतला, कारण त्या दिवशी धाकटा आला नव्हता. दोन बाटल्यांतली रसायने एकत्र करून जाड पिशवीत ओतायची, पिशवी रिकाम्या सीटमध्ये ठेवायची आणि माणसाने त्यावर बसायचे. फेस फुगत जातो, गरम होतो, पाठीला, कमरेला, मांड्यांना घट्ट धरतो आणि तसाच कडक होतो. ती बसली. आप्पांनी पुढून तिचे दोन्ही खांदे दाबून धरले. “हलू नकोस. हललीस तर वाया जाईल.” पंधरा मिनिटे ते तसेच उभे होते. त्यांचे मनगट तिच्या खांद्यावर थरथरत होते. आप्पांनी तिला हात लावल्याला कित्येक वर्षे झाली होती.

चाचणीचा दिवस आला. दोघांनी ट्रॅकवर दहा दहा फेऱ्या मारायच्या आणि आप्पांनी भिंतीजवळ उभे राहून घड्याळ लावायचे, असे ठरले. धाकटा आधी गेला, साचा काढून नुसत्या सीटवर. मग थोरली बसली. पहिल्या दोन फेऱ्या तिने टायर तापवण्यात घालवल्या. तिसऱ्या फेरीत भरधाव डाव्या वळणावर गाडीची मागची बाजू बोटभर सरकली. तिने ती सरकू दिली. गाडी कुठे थांबेल हे तिला ठाऊक होते, कारण तिथला एक एक बोल्ट तिने आवळला होता. उतरली तेव्हा तिच्या तोंडावर हसू होते, ते काही केल्या जाईना.

आप्पांनी घड्याळ खिशात टाकले. “धाकटा,” ते म्हणाले. “अर्ध्या सेकंदानं.”

हसू गेले. ती धाकट्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, “छान चालवलीस रे.” तो खाली बघत हातमोजे काढत राहिला.

गाडी ट्रेलरवर चढवताना, टायर बदलून द्यायला आलेले टायरवाले काका तिच्याजवळ आले. “काय गं, आप्पा असं कसं म्हणतो? माझ्या घड्याळात तुझा एक मिनिट बावीस आलाय. त्याचा चोवीसच्या खाली गेलाच नाही.”

दुसऱ्या दिवशी ती शाळेत न जाता गॅरेजात गेली. आप्पा एका गिऱ्हाइकाच्या गाडीत डोके घालून उभे होते.

“आप्पा, घड्याळ दाखवा.”

“कशाला?”

“त्यात जुने आकडे राहतात.”

त्यांनी डोके वर काढले. चिडले नाहीत. चिडले असते तर तिला सोपे गेले असते. “आकडे मला माहीत आहेत,” ते म्हणाले. “दोन सेकंदांनी तू पुढे आहेस.”

“मग खोटं का सांगितलंत?”

“तू आत बसलीस तर बाहेर कोण थांबेल? तो? त्याला साधा स्पार्क प्लग बदलता येत नाही. तुझ्याशिवाय ही गाडी उभी राहत नाही, म्हणून तू बाहेर.” त्यांनी पाना उचलला. “आणि तुला नोकरी आहे, हातात कसब आहे. तू जिंकलीस तर एक चषक वाढेल. तो जिंकला तर माणसात येईल. त्याच्याजवळ दुसरं आहे काय?”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“तुला हसू येईल म्हणून दिला होता. तू मनावर घेशील असं कुठं वाटलं होतं मला?”

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला सगळे ठाऊक होते. “मिळू दे गं त्याला,” ती मान वर न करता म्हणाली. “तुला काय, तू हुशारच आहेस.”

त्या आठवड्यात थोरली गॅरेजात फिरकली नाही. पाचव्या दिवशी धाकटाच तंत्रशाळेत आला आणि लेथच्या खोलीबाहेर ताटकळत उभा राहिला. मुले गेल्यावर आत आला.

“ताई, मला नकोय ती गाडी.”

“आप्पांना सांग.”

“सांगितलं. ते म्हणाले, मग पुन्हा तोंड दाखवू नकोस.” तो लेथवर पडलेले पोलादाचे कीस बोटाने गोळा करत होता. “त्या डाव्या वळणावर मागची बाजू सुटते ना, तेव्हा माझे हातपाय गार पडतात. मी डोळे मिटतो, ताई. खरंच मिटतो.”

तो सहा वर्षांचा असताना तिनेच त्याला सायकल शिकवली होती, मागून धरून. “कुणाला बोललायस हे?” तिने विचारले.

“कुणाला सांगू?”

त्या संध्याकाळी ती गॅरेजात गेली. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या पोलादी बारला पाच भोके होती. ज्या भोकात जोड बसवावा, त्यावर गाडीची मागची बाजू कडक की मऊ ते ठरे. कडक ठेवली तर गाडी चपळ, पण चालकाने जरा चूक केली की फिरणार. मऊ ठेवली तर गाडी मंद, वळणावर पुढे पुढे जाणारी, पण भित्र्या माणसालाही सांभाळून घेणारी. तिने जोड दोन भोके मऊ बाजूला सरकवला. स्प्रिंगा बदलल्या. तीन वर्षे ज्या चपळाईसाठी घाम गाळला, ती एका संध्याकाळी काढून टाकली. वहीत प्रत्येक बदल लिहिला आणि त्यापुढे कारण लिहिले, जशी ती विद्यार्थ्यांना लिहायला लावायची.

आप्पा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी वहीत डोकावले आणि बराच वेळ ते पान वाचले. मग सीटकडे बोट दाखवून म्हणाले, “त्याला साचा अरुंद होतोय. नवीन ओतायला रसायन नाही. हाच कापून मोठा कर.”

तिने मोठी सुरी आणली. साचा मांडीवर घेतला आणि खांद्यांपासून सुरुवात केली. पिवळ्या फेसाचे तुकडे पायांशी पडत गेले. कमरेपाशी आली तेव्हा धाकट्याला बोलावून बसवून पाहिले, पुन्हा कापले, पुन्हा बसवून पाहिले. काम नीटच केले. कापलेल्या कडांवर तिने चिकटपट्टीसुद्धा लावली, त्याला टोचू नये म्हणून.

शर्यतीत चौदा गाड्या होत्या. धाकटा सहाव्या जागेवरून सुटला. डाव्या वळणावर गाडीने त्याला एकदाही दगा दिला नाही, पण प्रत्येक वळणावर ती बाहेर बाहेर जात राहिली आणि मागून येणारे आतून निघून गेले. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तो दहावा होता. थोरलीने भिंतीवरून त्याची शेवटची फेरी पाहिली आणि तो धडधाकट परत आला म्हणून सुटकेचा श्वास सोडला.

आप्पा आधीच बोलायला लागले होते. भोवती सात-आठ जण होते, जुने शर्यतवाले, दोघे गॅरेजवाले, टायरवाले काका.

“पोरानं जिवाचं रान केलं, पण गाडीच वळत नाही तर तो काय करणार? मुळमुळीत करून ठेवली हिनं. मला न विचारता.” त्यांनी तिच्याकडे हात केला. “वही आण. वाच काय काय बदललंस ते. ऐकू दे सगळ्यांना.”

थोरलीने त्यांच्याकडे पाहिले. ते पान त्यांनी वाचले होते. त्यात काय लिहिलेय ते त्यांना ठाऊक होते, आणि ती ते वाचणार नाही हेही ठाऊक होते.

तिने वही उघडली. “मागचा बार, दोन भोकं मऊ. मागच्या स्प्रिंगा, हलक्या. मागच्या टायरची हवा, दोनानं कमी.”

“का?” एका गॅरेजवाल्याने विचारले. “बारच्या ओळीपुढे काहीतरी लिहिलंय की.”

प्रत्येक ओळीपुढे तिच्या अक्षरात एकच कारण होते: चालक घाबरतो. घोळक्यामागे धाकटा हेल्मेट काखेत धरून उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कारण लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “माझा अंदाज चुकला.”

टायरवाले काका पुढे सरकले. “थांब जरा, चाचणीच्या दिवशी मी—”

“काका, ट्रेलरची हवा बघता का जरा? उजवं चाक बसल्यासारखं वाटतंय.”

काकांनी तिच्याकडे पाहिले, मान हलवली आणि गेले.

लोक आता धाकट्याकडे बघत होते. तो काहीतरी बोलेल असे त्यांना वाटत असावे. त्याच्या गालांवर हळूहळू रंग परत आला. त्याने हेल्मेट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतले आणि तो हसला, तेच गोड हसू.

“जाऊ द्या हो आप्पा,” तो म्हणाला. “लेथ वेगळं, ट्रॅक वेगळा. तिला बिचारीला यातलं काय कळतंय.”

दोघेतिघे हसले. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला पुढे घेऊन गेले. पुढच्या वर्षी काय करायचे ते ते मोठ्याने सांगत होते.

थोरलीने गाडी ट्रेलरवर चढवली. चारही पट्टे आवळले आणि एकेक ओढून पाहिला.

परतताना ट्रेलर ओढणारी गाडी आप्पा चालवायला बसले, धाकटा त्यांच्या शेजारी. मागच्या सीटवर उतरवलेले दोन टायर ठेवले होते, त्यांच्या पलीकडे तिच्यापुरती जागा होती. ती तिथे अंग चोरून बसली. टायर अजून कोमट होते. वितळलेल्या रबरात ट्रॅकवरचे बारीक खडे रुतून बसले होते. पुढे दोघांच्या गप्पा चालल्या होत्या. तिने काच खाली केली आणि ती नखाने एकेक खडा उकरून बाहेर टाकू लागली.