फेसाची साक्ष

देवळापुढच्या परातीत दर्याबाबा रवी घुसळत होता आणि सगळं गाव श्वास धरून बघत होतं. नितळ पाण्यावर पांढरा फेस चढत चढत काठाला लागला. साबण नाही, सोडा नाही. बायांनी हात जोडले.

"द्वारकेचा दर्या हाय हा," बाबा म्हणाला. "देवाच्या पायाला लागून आलेला. पापी बोट लागलं की मरतो."

पुसेगावच्या पुढचं हे खेडं. साल चौऱ्याहत्तर. पंधरा दिवसांत हगवणीनं तीन लेकरं गेली होती, त्यातलं एक संतराम पाटलाचं. लेकरं कोण खाऊन राहिलं ते शोधायला पाटलानंच बाबाला आणलं होतं.

मी हिवताप खात्यातला फवारणीवाला. पाठीवर पंप घेऊन मागं उभा होतो. आधी दोन वर्षं रत्नागिरीला होतो. असला फेस किनाऱ्यावर ढिगानं पाहिलेला. मला हसू येत होतं. हसण्यातच मी वेळ घालवला.

बाया एकेक करून राखेनं हात धुऊन फेसात बोट बुडवत होत्या. फेस जसाच्या तसा. मग बाबानं सुईणीला बोलावणं धाडलं. जनकाबाई एका बाळंतिणीच्या घरी होती. तिला तशीच उठवून आणलं.

"हात तरी धुते," ती म्हणाली.

"पाप धुवून राहिली का?" बाबा म्हणाला. लोक हसले.

तिनं बोट घातलं. बोटाभोवती फेस फाटला, भोक वाढत गेलं, आणि परातीत नुसतं पाणी उरलं.

पाटलानं तिचं मनगट धरलं आणि तोच हात बाबाच्या धुनीतल्या निखाऱ्यांवर दाबला. दोघांनी तिचे खांदे धरले होते. मी धक्के देत पुढं पोचेस्तोवर बोटं एकमेकांना चिकटली होती.

मी तिला पायरीवर बसवलं. तिनं दुसऱ्या हातानं माझा दंड पकडला. तो हात तेलकट होता. करडईचा वास आला. तान्ह्या बाळाच्या मालिशीचं तेल.

मी दुसरी परात मागवली, बाबाच्या डब्यातलं पाणी ओतून फेस काढला.

"पाटील, समईत बोट बुडवा आणि इथं लावा."

पाटील हलला नाही. त्याची आई पारुबाई पुढं आली. समईतलं तेल लागलेलं तिचं बोट टेकलं आणि फेस बसला.

"आता माझा बी हात जाळ," ती लेकाला म्हणाली.

मी सांगितलं, समुद्रातलं शेवाळ, बारीक जीव मरून सडतात. त्यांचा चिकट अंश पाण्यावर पातळ सायीसारखा धरतो, म्हणून घुसळल्यावर बुडबुडे टिकतात. रिठ्याच्या पाण्याचा फेस असाच टिकतो. तेल पसरलं की ती साय फाटते. बाबाला हे ठाऊक होतं, म्हणून बाकीच्यांना राख आणि हिला मनाई.

"मग लेकरं काहून गेली?" कुणीतरी विचारलं.

"आडात उकिरड्याचं पाणी उतरतं. उकळून प्या."

बाबा झोळी शोधत होता. ज्यांनी जनकाबाईचे खांदे धरले होते, त्यांनीच त्याला आडवा पाडून तुडवला. त्यांना मारायला कुणीतरी हवंच होतं. मी मध्ये पडलो म्हणून तो वाचला आणि पोलिसांच्या हाती गेला.

जनकाबाईची तीन बोटं दवाखान्यात कापावी लागली. आता बाळंतपणाला ती उंबऱ्यात बसते आणि काय करायचं ते तोंडानं सांगते. पाटलाच्या घरच्या बाळंतपणालाही गेली.

चमत्कार जरूर बघा. पण त्याच्या साक्षीवर कुणाला शिक्षा करण्याआधी स्वतःचं बोट तेलात बुडवून त्या पाण्याला लावा. तेवढंही जमत नसेल, तर निदान त्या बाईला हात धुऊ द्या.