खडकाची जेवणाची सुट्टी

भोंगा हे त्याचं टोपणनाव. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतलं झोपलेलं पोर दचकून उठावं. घराण्याचीच देणगी ती. ताईचा तर त्याच्याहून वरचढ. याच आवाजापायी जमिनीतलं पाणी मोजणाऱ्या मॅडमनी त्याला कामावर घेतलं होतं.

कारखान्याच्या अंगणातल्या विहिरीवर पंप सलग पाणी उपसत होता. भोंगा कुंपणालगतच्या तपासणीच्या बोअरमध्ये टेप सोडायचा, पाण्याला टेकली की ती टीं करायची, आणि तो पातळी ओरडून सांगायचा. पाणी किती वेगानं उतरतं नि कुठं थांबतं, यावरून जमीन किती पाणी देईल ते मॅडम काढणार. खोटं ओरडायची सोय नव्हती; आत सोडलेला सेन्सर पडताळणीसाठी तोच आकडा त्यांच्या लॅपटॉपवर धाडत होता.

आणि भिंतीपलीकडे ताईची लाँड्री. मोठ्या मशीनमागं, तिला पाणी पुरवणारा एक चोरटा बोअर, भोंग्यानंच गुपचूप पाडून दिलेला. सापडला की बोअर बुजणार, लाँड्रीला टाळं.

"एकदम भसकन उतरलं की!" मॅडम म्हणाल्या. "खाली कातळाची भिंत असावी."

"असणारच!" भोंग्यानं जोरात मान डोलावली.

दुपारी भिंतीपलीकडची मशीन थांबली, आणि पाणी आपसूक चढलं.

"खडक जेवायला गेला की काय?" मॅडम हसल्या. भोंग्याला ते हसू काही बरं वाटलं नाही.

टाकीआड जाऊन त्यानं फोन लावला. "ताई, मशीन लाव. आणि हात जोडतो, आता बंद करू नकोस."

"कपडे संपले रे."

"धुतलेलेच धू!"

"तेही झाले. तुझ्या भावजींच्या अंगातला सदरा काढून घेतलाय. उघडे बसलेत बिचारे!"

मशीन थांबली तर पाणी चढणार, चोरी उघडी. चालू राहिली तर पाणी उतरतच राहणार. आणि पातळी स्थिर झाल्याशिवाय मॅडम पंप थांबवणार नाहीत. जन्मभर दुसऱ्यांना पेचात कोंडून बाहेरनं कडी लावत आलेला हा गडी, आज स्वतःच आत.

मॅडम येऊन शेजारी उभ्या राहिल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून घराण्याचा आवाज घुमला.

"भोंग्याऽऽ! तुमच्या पंपानं माझा बोअर आटला रे! नुसता चिखल ओकतोय!"

मॅडमनी भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कुठला बोअर?"

भोंग्यानं तोंड उघडलं. आवाज फुटेना.

टेप तेवढी वाजली. पाणी चढायला लागलं होतं.